घरबसल्या आतड्यांतील सूक्ष्मजीवांची तपासणी: अहवाल वाचनीय, गुणांक संशयास्पद, कॅप्सूल अनावश्यक

शौचाचा थोडासा नमुना घरीच एका नळीत भरून प्रयोगशाळेकडे पाठवायचा आणि काही आठवड्यांनी आपल्या आतड्यांत कोणते जिवाणू किती प्रमाणात आहेत याचा रंगीत अहवाल मोबाइलवर वाचायचा, अशी सेवा देणाऱ्या कंपन्या गेल्या काही वर्षांत बऱ्याच वाढल्या आहेत. त्यांपैकी एका कंपनीची तपासणी मी करून घेतली. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण ज्या गुणदोषांबद्दल लिहायचे आहे ते एकट्या तिचे नसून बहुतांशी या सेवाप्रकाराचेच आहेत. मत आधीच नोंदवून ठेवतो: जिवाणूंची यादी म्हणून हा अहवाल वाचण्यासारखा आहे, आरोग्याचा दाखला म्हणून तो वापरू नये, आणि त्याच्या शेवटी विक्रीला ठेवलेल्या प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त मानलेल्या जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूल घेण्यासारखे कारण मला त्यात सापडले नाही.

नमुना घेण्याच्या साहित्याविषयी तक्रार नाही. स्वॅब, झाकणाची नळी, परतीचे पाकीट आणि चित्रांसह सूचना, एवढेच त्यात असते. नळीत आधीच भरलेला द्राव महत्त्वाचा आहे, कारण शरीराबाहेर आल्यावर नमुन्यातील काही जिवाणू सामान्य तापमानाला वाढतच राहतात. द्रावामुळे ती वाढ थांबते आणि डीएनए टिकून राहतो. हे कारण सूचनापत्रात साध्या भाषेत दिले आहे. नमुना कुठून घ्यायचा, किती घ्यायचा आणि अलीकडे प्रतिजैविके घेतली असल्यास किती काळ थांबायचे, हेही स्पष्ट सांगितले आहे.

अहवालाची प्रस्तावना मात्र जुन्या माहितीवर चालते. आपल्या शरीरात स्वतःच्या पेशींपेक्षा दहापट जिवाणू असतात आणि त्यांचे एकूण वजन एक ते दोन किलो भरते, असे तिच्यात म्हटले आहे. रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो यांनी २०१६ मध्ये हे गणित नव्याने मांडले, तेव्हा सरासरी प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि सुमारे ३० लाख कोटी मानवी पेशी, म्हणजे जवळपास बरोबरीचे प्रमाण निघाले. सगळ्या जिवाणूंचे वजनही सुमारे २०० ग्रॅमच भरले. आकडा दहापट नसल्याने या जीवांचे महत्त्व तसूभरही कमी होत नाही. पण जी कंपनी अचूक मोजणी विकते, तिच्या पहिल्याच पानावर बाद झालेला आकडा असावा, हे बरे दिसत नाही.

त्यानंतरचा भाग, म्हणजे हे जीव आपल्यासाठी काय करतात याचे विवेचन, अहवालातील सर्वांत चांगला भाग आहे. आपल्याला न पचणारे तंतू मोठ्या आतड्यात पोहोचले की तेथील जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही आखूड साखळीची मेदाम्ले तयार होतात. यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. अहवाल एवढे सांगून थांबतो, पण खरी गंमत याच्या पुढे आहे. अस्तराच्या पेशी ब्युटिरेट जाळताना प्राणवायू वापरतात आणि त्यामुळे आतड्याची पोकळी जवळजवळ प्राणवायूविरहित राहते. तेथे राहणाऱ्या बहुसंख्य उपयुक्त जिवाणूंना प्राणवायू सोसत नाही, म्हणून ही स्थिती त्यांच्या सोयीची असते. उलट ई. कोलाय आणि साल्मोनेला यांच्या कुळातील जिवाणू थोडासा प्राणवायू मिळाला तरी झपाट्याने वाढतात. म्हणजे जिवाणू अस्तराला इंधन पुरवतात, अस्तर जिवाणूंना हवे तसे वातावरण राखते, आणि या देवाणघेवाणीतून घुसखोरांना अटकाव होतो. प्रतिजैविकांनी ब्युटिरेट तयार करणारे जिवाणू मारले की अस्तराचा प्राणवायूचा वापर घटतो, तो पोकळीत झिरपू लागतो आणि एरवी मूठभर असलेल्यांना मोकळे रान मिळते. उंदरांवरील प्रयोगांत ही साखळी टप्प्याटप्प्याने दाखवली गेली आहे.

अटकावाचा दुसरा मार्ग पित्ताम्लांमधून जातो. यकृतात तयार होणारी पित्ताम्ले आतड्यात आली की मोजक्याच जातींचे जिवाणू त्यांत रासायनिक बदल करतात, आणि ही बदललेली पित्ताम्ले क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूची वाढ रोखतात. बदल करणारे नाहीसे झाले की हा जिवाणू डोके वर काढतो आणि प्रतिजैविकांच्या उपचारानंतर काही रुग्णांना, विशेषतः रुग्णालयातील वृद्धांना, तीव्र आणि पुनःपुन्हा उलटणारा अतिसार होतो. सूक्ष्मजीवसृष्टी विस्कटल्याने रोग होतो आणि ती पूर्ववत केल्याने तो बरा होतो, हे माणसांत सर्वांत स्पष्टपणे येथेच सिद्ध झाले आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत निरोगी दात्याच्या मलापासून केलेले द्रावण नळीने आतड्यात सोडल्यावर १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच वेळी बरे झाले, तर केवळ व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक घेणाऱ्या १३ पैकी ४ जणांनाच गुण आला. फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधी थांबवण्यात आली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ आणि २०२३ मध्ये दात्यांच्या मलापासून बनवलेल्या दोन औषधांना या रोगाची पुनरावृत्ती टाळण्यासाठी मान्यताही दिली. अहवालात या सगळ्याला दोनच ओळी मिळाल्या आहेत. त्यांच्याखाली मात्र दमा, नैराश्य, लठ्ठपणा आणि ऑटिझम यांची नावे अशा थाटात छापली आहेत की त्यांचाही निकाल लागल्याचा समज व्हावा. या विकारांत रुग्णांचे आणि निरोगी व्यक्तींचे जिवाणू सरासरीने वेगळे आढळले आहेत, हे खरे. पण तो फरक कारण आहे, परिणाम आहे की आहार, औषधे आणि दिनचर्या बदलल्याने आलेली केवळ सोबत आहे, हे बहुतेक ठिकाणी ठरलेले नाही. दोन्ही प्रकारची विधाने एकाच टंकात छापणे हा या अहवालातील मोठा दोष आहे.

आता प्रत्यक्ष मोजणीकडे वळू. या कंपनीने स्वस्त आणि रुळलेली पद्धत वापरली आहे. प्रत्येक जिवाणूत १६एस आरआरएनए या रेणूचे सुमारे १,५०० अक्षरी जनुक असते. त्याचे काही भाग सर्व जिवाणूंत जवळपास सारखे असतात, तर काही कुळागणिक बदलतात. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये याच रेणूच्या तुलनेतून आर्किया हा जीवांचा वेगळा गट ओळखला होता, आणि प्रयोगशाळेत न वाढवता येणारे जिवाणू ओळखण्याचा रस्ता पुढे त्यातूनच खुला झाला. पद्धत उत्तम आहे, पण तिची पोच मर्यादित आहे. व्यावसायिक तपासणीत सहसा जनुकाचा एखादा तुकडाच वाचला जातो. त्यावरून जिवाणूचे कुळ किंवा प्रजाती बहुधा सांगता येते, जात अनेकदा संदिग्ध राहते आणि तिच्याखालचा वाण तर कळतच नाही. वाण कळण्यासाठी नमुन्यातील सगळाच डीएनए वाचावा लागतो. ती अधिक खर्चिक तपासणीही काही कंपन्या देतात. वाणाचा फरक किरकोळ नसतो. ई. कोलाय या एकाच जातीचे काही वाण आपल्या आतड्यात निमूटपणे राहतात, तर काही रक्तमिश्रित जुलाब घडवतात. असे असताना माझ्या अहवालात जातींची नावे ठाम अक्षरांत आली आणि त्यांपुढे खात्रीचे प्रमाण कुठेच दिले नव्हते.

दुसरी मर्यादा टक्केवारीची आहे. अहवालातील प्रत्येक आकडा सापेक्ष असतो. एका गटाची टक्केवारी वाढली तेव्हा तो गट खरोखर वाढला की बाकीचे घटले, हे त्यावरून ठरवता येत नाही. शिवाय डीएनए जिवंत पेशीचा आहे की मेलेल्या, हेही ही पद्धत सांगत नाही, आणि मलाच्या नमुन्यातून मुख्यतः मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचे चित्र मिळते; लहान आतड्यात किंवा अस्तरालगतच्या श्लेष्मात काय चालले आहे ते त्यात फारसे उमटत नाही. हजेरीपटावरून वर्गात कोण बसले आहे ते कळते, अभ्यास कोण करतो आहे ते कळत नाही. ब्युटिरेट तयार करणाऱ्या फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉसनिट्झीचे प्रमाण अहवालात दिसले म्हणून माझ्या आतड्यात ब्युटिरेट किती तयार होते, हे मोजले गेले असे होत नाही. तरीही एका पानावर ‘ब्युटिरेटनिर्मिती: मध्यम’ असा शेरा आहे. तो जिवाणूंच्या यादीवरून बांधलेला अंदाज आहे, हे तळटीपेत बारीक अक्षरांत दिले आहे.

एका नमुन्याचे दोन भाग करून ते दोन वेगळ्या नोंदणीने पाठवले. दोन्ही अहवालांत मोठे गट साधारण त्याच क्रमाने आले, ही कंपनीच्या बाजूची गोष्ट. कमी प्रमाणातल्या जातींच्या याद्या मात्र बऱ्याच वेगळ्या निघाल्या आणि आतड्याच्या आरोग्याचा म्हणून दिलेला एकूण गुणांकही निराळा आला. एका अहवालाने मला ‘समतोल’ ठरवले आणि दुसऱ्याने ‘सुधारणेस वाव’ असे सांगितले. स्वॅबने घेतलेल्या भागांत थोडाफार फरक असणारच, कारण मल सर्वत्र एकजिनसी नसतो. म्हणून याला फसवणूक म्हणता येणार नाही. परंतु जो फरक एकाच नमुन्याच्या दोन टोकांत पडतो, त्यावर निरोगी आणि बिघडलेले अशी रेघ ओढू नये, एवढे तरी यातून निश्चित होते. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष तपासून पाहता यावेत म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने मानवी मलाचे प्रमाणित संदर्भद्रव्य तयार केले आहे. ते वापरून स्वतःची मोजणी पडताळली आहे का, असे मी कंपनीच्या ग्राहकसेवेला विचारले. उत्तरात मला माहितीपत्रकच पुन्हा पाठवण्यात आले.

गुणांकाविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण ग्राहक तोच पाहतो. तो कसा काढला हे कंपनी सांगत नाही; फक्त जिवाणूंची विविधता आणि ‘फर्मिक्यूट्स व बॅक्टेरॉइडेट्सचे गुणोत्तर’ (हे आतड्यातील जिवाणूंचे दोन मोठे गट) यांचा त्यात वाटा आहे असे म्हणते. हे गुणोत्तर लठ्ठपणाशी जोडले जाण्यामागे २००६ च्या सुमारास सेंट लुइस येथील जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने केलेले गाजलेले काम आहे. ते उंदरांत आणि थोड्या माणसांत दिसले होते. पुढे अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासल्यावर माणसांत हा संबंध क्षीण आणि अविश्वसनीय ठरला. सूक्ष्मजीवतपासणीच्या वैद्यकीय वापराविषयी २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमती-निवेदनातही अहवालात हे गुणोत्तर देऊ नये अशीच शिफारस आहे. विविधतेचेही तसेच. कमी विविधता अनेक आजारांत आढळते, पण अधिक विविधता म्हणजे नेहमी अधिक आरोग्य असा नियम नाही. मल आतड्यात जास्त काळ रेंगाळला तरी मोजलेली विविधता वाढते. म्हणजे बद्धकोष्ठाच्या रुग्णाला चांगला गुणांक मिळण्याची शक्यता आहे! आईच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या बाळाच्या आतड्यात तर बायफिडोबॅक्टेरियमचेच प्राबल्य असते, कारण दुधातील शंभराहून अधिक प्रकारच्या विशिष्ट शर्करा बाळाला पचत नाहीत आणि त्या या जिवाणूंचेच अन्न ठरतात. त्या बाळाची विविधता प्रौढांहून कितीतरी कमी असते आणि तरीही ते तंदुरुस्त असते.

तपासणीसोबत भरून घेतलेली प्रश्नावली मला यंत्राच्या अहवालापेक्षा अधिक उपयोगी वाटली. चालू औषधे, गेल्या वर्षातील प्रतिजैविके, मलाचा प्रकार, झोप, आहारातील तंतूंचे प्रमाण, असे नेमके प्रश्न तिच्यात आहेत. बेल्जियममधील फ्लेमिश समूहाच्या २०१६ च्या मोठ्या अभ्यासात व्यक्तिव्यक्तींमधील फरकाशी सर्वांत घट्ट नाते मलाच्या घट्टपणाचे आढळले आणि औषधांचा वाटाही मोठा निघाला. त्याच अभ्यासात तपासलेले सगळे घटक मिळून एकूण फरकाचा दहावा हिस्सासुद्धा उलगडला नाही. म्हणजे प्रश्नावलीतील उत्तरांच्या आधारेच अहवालाचा अर्थ लावायला हवा होता. प्रत्यक्षात माझ्या उत्तरांचा अहवालात कुठेही उल्लेख नाही. आम्लपित्तासाठी दीर्घकाळ घेतल्या जाणाऱ्या, जठरातील आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांमुळे एरवी तोंडात राहणारे जिवाणू आतड्यात अधिक दिसू लागतात, हे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. कुणी अशा गोळ्या घेत असल्याचे लिहिले आणि अहवालात तोंडातले जिवाणू वाढलेले आले, तर दोन्ही गोष्टी एका वाक्यात जोडायला फारसे श्रम पडू नयेत.

ही सूक्ष्मजीवसृष्टी कशाने बिघडते, या विषयावर अहवालात एक पान आहे आणि त्यात ताण, प्रदूषण, साखर यांना प्रतिजैविकांच्या बरोबरीने जागा दिली आहे. पुराव्याचे वजन इतके समान नाही. प्रतिजैविकांचा परिणाम माणसांत थेट मोजला गेला आहे. डेन्मार्कमधील २०१८ च्या अभ्यासात १२ निरोगी पुरुषांना चार दिवस तीन प्रभावी प्रतिजैविके एकत्र देण्यात आली. दीड महिन्यात जिवाणूंची घडण बरीचशी पूर्ववत झाली, पण आधी सर्वांत असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनंतरही बहुतेकांत सापडल्या नाहीत. त्याच वर्षी हायडेलबर्ग येथील संशोधकांनी हजाराहून अधिक औषधे आतड्यातील ४० जिवाणूंवर प्रयोगशाळेत तपासली, तेव्हा जिवाणूंसाठी नसलेल्या, मानवी पेशींवर काम करणाऱ्या औषधांपैकीही सुमारे २४ टक्के औषधांनी किमान एका जिवाणूची वाढ रोखली. यावरून कुणी स्वतःच्या मनाने औषधे बंद करू नयेत. जिवाणूसंसर्गात प्रतिजैविक न घेण्याचा धोका या सगळ्याहून मोठा असतो. मात्र विषाणूमुळे होणाऱ्या सर्दीसाठी प्रतिजैविक मागून घेण्याची किंमत केवळ पैशांत मोजायची नसते, हे वाक्य अहवालात असते तर बरे झाले असते. प्रक्रिया केलेल्या अन्नातील काही पायसीकारक (तेल आणि पाणी एकजीव ठेवणाऱ्या) द्रव्यांमुळे उंदरांत श्लेष्माचा थर पातळ होऊन जिवाणू अस्तराच्या जवळ सरकतात, हे २०१५ मध्ये दिसले आणि पुढे माणसांतही छोट्या प्रमाणावर तपासले गेले आहे. तो मुद्दा अहवालात आहे आणि योग्य सावधपणे मांडलेला आहे.

आहारसल्ल्याचा गाभा चांगला आहे: वनस्पतिजन्य पदार्थांत वैविध्य ठेवा, तंतू वाढवा आणि ते सावकाश वाढवा. उंदरांना तंतू मिळेनासे झाल्यावर काही जिवाणू आतड्याचा श्लेष्माचा थरच खाऊ लागतात, हे २०१६ च्या एका प्रयोगात दिसले आहे. आहार पूर्णपणे पालटला तर माणसांतही काही दिवसांतच जिवाणूंची घडण हलते, हे २०१४ पासून माहीत आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत आंबवलेले पदार्थ वाढवणाऱ्या गटात विविधता वाढली आणि दाहाशी निगडित १९ प्रथिने घटली. तंतू वाढवणाऱ्या गटात मात्र त्या मुदतीत विविधता सरासरीने वाढली नाही. ही गोष्ट सल्ला देणाऱ्याला अडचणीची वाटू शकते, पण कंपनीने ती लपवलेली नाही, हे नमूद करायला हवे. सल्ला घसरतो तो ‘तुमच्यासाठी उत्तम’ आणि ‘टाळा’ अशा नावांनी दिलेल्या पदार्थांच्या लांबलचक याद्यांमध्ये. विशिष्ट भाजी मला चालेल आणि विशिष्ट कडधान्य चालणार नाही, असे १६एस जनुकाच्या तुकड्यावरून सांगण्याला आधार नाही. या याद्यांचा धोकाही आहे: पोट नाजूक असलेली व्यक्ती त्या पाळू लागली तर आहारातील वैविध्य कमी होईल, म्हणजे पहिल्याच पानावरील चांगल्या सल्ल्याच्या नेमके उलट घडेल.

शेवटी कॅप्सूल. दरमहा घरपोच येणाऱ्या, ‘तुमच्या अहवालानुसार घडवलेल्या’ अशा शब्दांत त्यांची शिफारस आहे. माझ्या दोन नोंदणींना वेगवेगळे गुणांक मिळूनही शिफारस झालेली कॅप्सूल एकच होती, आणि तिच्या वेष्टनावर जातींची नावे व एकूण जिवाणूसंख्या होती, वाणांचे उल्लेख नव्हते. प्रोबायोटिकचा परिणाम वाणागणिक बदलतो. एका वाणाचा गुण त्याच जातीच्या दुसऱ्या वाणाला बहाल करता येत नाही. अमेरिकेतील जठरांत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये उपलब्ध चाचण्या तपासून बहुतेक पचनविकारांसाठी प्रोबायोटिकची शिफारस करण्यापुरता पुरावा नसल्याचे म्हटले. प्रतिजैविके घेताना डिफिसिलचा संसर्ग टाळणे आणि अकाली जन्मलेल्या बाळांना आतड्याच्या गंभीर आजारापासून वाचवणे अशा मोजक्या प्रसंगीच, तेही ठरावीक वाणांच्या बाबतीत, तिने सशर्त अनुकूलता दाखवली. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘प्रतिजैविकांनंतर लवकर सावरण्यासाठी’ असाही एक दावा आहे. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या २०१८ च्या प्रयोगात नेमके उलट आढळले: प्रतिजैविकांनंतर ११ वाणांचे मिश्रण घेणाऱ्यांच्या मूळ जिवाणूंची घडण परतायला काहीही न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला, तर आधीच साठवलेला स्वतःचाच मल परत मिळालेल्यांची घडण सर्वांत लवकर परतली. प्रयोग लहान होता आणि त्यातील मिश्रण म्हणजे बाजारातील प्रत्येक कॅप्सूल नव्हे, तरी दावा करणाऱ्याने त्याची दखल घ्यायला हवी. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांत अशा जिवाणूंमुळे रक्तात संसर्ग झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. त्यांच्यासाठीचा इशाराही वेष्टनाच्या मागच्या बाजूला शोधावा लागला.

ही तपासणी कुणी करावी? ज्याला या विषयाचे कुतूहल आहे, आकड्यांकडे हलक्या मनाने पाहता येते आणि त्यातील यादीचा अभ्यास म्हणून आनंद घ्यायचा आहे, त्याने जरूर करावी. डीएनएच्या मूळ वाचनाची पूर्ण फाइल डाउनलोड करता येते, ही अशा ग्राहकासाठी मोठी सोय आहे. ज्याला खरोखर त्रास होतो आहे, म्हणजे मलातून रक्त जाते, वजन विनाकारण घटते, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब होतात किंवा दीर्घकाळ ताप राहतो, त्याने या अहवालाची वाट पाहण्यात एकही आठवडा घालवू नये. अशा तक्रारींसाठी डॉक्टर ज्या साध्या तपासण्या सांगतात, उदाहरणार्थ मलातील कॅलप्रोटेक्टिन या आतड्याचा दाह दर्शवणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण किंवा दडलेल्या रक्ताची चाचणी, त्यांचे निकष ठरलेले आहेत आणि त्यांच्या निकालावरून पुढे काय करायचे तेही ठरलेले आहे. या सेवेचा ‘समतोल’ हा शेरा पाहून कुणी डॉक्टरकडे जायचे टाळले, तर नुकसान कॅप्सूलच्या खर्चापुरते राहणार नाही.

नोंदणी करण्यापूर्वी संमतिपत्र मात्र अवश्य वाचावे. जिवाणूंची माहिती नाव काढून टाकून भागीदारांना दिली जाईल, असे त्यात आहे. नाव काढले तरी ओळख पुसली जातेच असे नाही: अमेरिकेतील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की आतड्यातील जिवाणूंच्या खुणांवरून अभ्यासातील ८० टक्क्यांहून अधिक व्यक्ती तब्बल वर्षभरानंतरच्या नमुन्यातही ओळखता येतात. मलाच्या नमुन्यात माणसाचा स्वतःचा डीएनएही थोडाफार असतो. व्यवसाय बंद पडला तर साठा कुणाकडे जातो, हाही प्रश्न उरतो. २०१२ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१९ मध्ये तपास यंत्रणांच्या झडतीनंतर दिवाळखोरीत गेलेल्या यूबायोम या कंपनीची पेटंटे आणि माहितीसाठा पुढे दुसऱ्या कंपनीने विकत घेतला. माझ्या विनंतीवरून या कंपनीने उरलेला नमुना नष्ट केल्याचे आणि खाते बंद केल्याचे लेखी कळवले. भागीदारांकडे आधीच गेलेली माहिती परत घेता येत नाही, असे त्याच पत्रात पुढे लिहिले होते.